टेकलेलं बोट

— मोबाईल या पिशवीत टाका. घड्याळात नेट असेल तर तेही.

— वारा समुद्राकडून आहे की डोंगराकडून?

— सकाळी बांगडा, आता परत बांगडा. स्वयंपाकघराची बांगड्याशी सोयरीक झालीय का?

— माझा आठ नंबरचा पाना कुणी उचलला? नाव घातलंय त्याच्यावर.

— बायकोचे दिवस भरलेत. मुलगा की मुलगी ते इथून सुटल्यावरच कळायचं.

— तिसऱ्या खोलीतला तो घोरणारा याही खेपेला आलाय म्हणे.

— दोन हँडलं? एका सायकलला?

(जूनअखेर. उद्यापासून तीन दिवस सायकल-शर्यती. सगळे खेळाडू ट्रॅकच्या आवारात येऊन दाखल झालेत. शर्यतींवर लोक पैसे लावतात, म्हणून आता संपेपर्यंत बाहेरच्या जगाशी बोलणं नाही. सायकल-तपासणीच्या शेडमध्ये चटईवर उभी केलेली सायकल. तिच्या दोन बाजूंना वस्ताद कुरामोची, पन्नाशी उलटलेले, तळच्या वर्गात पळणारे. आणि त्यांचा चेला तोगाशी, आता त्यांच्याहून वरच्या वर्गात पळणारा.)

वस्ताद: त्याला सांग, एक घरातलं आणि एक लग्नाकार्यातलं.

तोगाशी: गेला तो, वस्ताद. त्याला उत्तर नको होतं.

वस्ताद: मला द्यायचं होतं.

तोगाशी: मी काय म्हणतो, हे नवं एकदा लावून तर बघा. रुंद आहे. वाक उथळ आहे. एवढं खाली वाकावं लागणार नाही. खांद्याचं हाड मोडल्यापासून तुम्ही डावीकडे जरा...

वस्ताद: हाड जुळलं. डॉक्टरनं फोटो दाखवला. माझ्यापेक्षा देखणं आलंय फोटोत.

तोगाशी: मग सकाळपासून आपण तेच हँडल काढतोय आणि तेच लावतोय, ते कशासाठी?

वस्ताद: अंतर जमत नाही म्हणून. अंतर जमलं की हँडल आपोआप गप बसतं.

तोगाशी: तेच म्हणतोय, मग नवं लावू. खास तुमच्यासाठी आणलंय.

वस्ताद: चांगलं आहे. चकाकतंय. तुझ्याकडेच ठेव.

तोगाशी: कारण तरी सांगा.

वस्ताद: जुन्याचा वाक खोल आहे. हात आत गेला की आकड्यासारखा अडकतो. नव्यात धरून बसावं लागतं.

तोगाशी: हँडल धरायचंच असतं ना?

वस्ताद: धरतोच की. तुला शिकवलं कुणी धरायला? जुनं लाव. आणि हँडल पुढं धरणारी ती मान आखूड लावलीयस ना, ती कालची?

तोगाशी: त्याहून आखूड. पेटीतली सगळ्यात आखूड. वस्ताद, मागे सरून एकदा सायकलकडे बघा तरी. फुमिएकाकू भाजी आणायला नेतात ना, ती सायकल दिसायला लागलीय.

वस्ताद: तिची सायकल चांगली आहे. टोपली आहे तिला.

तोगाशी: वर्षापूर्वी याच सायकलवर तुम्ही केवढे लांब ताणून बसायचात.

वस्ताद: वर्षापूर्वी तू केसांना रंग लावायचास. माणूस बदलतो. चल, माप घेऊ. सीटचा नट ढिला कर.

तोगाशी: टेप आणू?

वस्ताद: टेप शिंप्याकडे असते. कोपर सीटच्या टोकाला, हात सरळ पुढं, बोटाचं टोक हँडलला टेकलं पाहिजे. माझ्या वस्तादानं असंच घेतलं, त्याच्या वस्तादानं असंच. आणि डोळे मिटून. डोळ्यांना सायकल देखणी दिसायला हवी असते, म्हणून ते लबाडी करतात.

तोगाशी: उजव्या हातानं घ्या की.

वस्ताद: उजव्यात पाना आहे.

तोगाशी: मी धरतो पाना.

वस्ताद: तू सीट सरकव. मिटले डोळे. सरकव पुढं. जरा जरा.

तोगाशी: सरकवतोय.

वस्ताद: अजून.

तोगाशी: टेकलं.

वस्ताद: कुठं टेकलं? सरकव.

तोगाशी: वस्ताद, टेकलंय. मधलं बोट टेकलंय.

वस्ताद: सायकल कुणाची? मला कळेल ना टेकलं की. सरकव.

तोगाशी: सरकवलं.

वस्ताद: अजून.

तोगाशी: आता बोट वाकलंय. नख पांढरं पडलंय.

वस्ताद: काय बडबडतोयस?

तोगाशी: डोळे उघडू नका. तसेच राहा. मी तुमचं कुठलं बोट धरलंय?

वस्ताद: खेळ खेळायला आलोय का आपण इथं? धर, मग सांगतो.

तोगाशी: धरलंय.

वस्ताद: मधलं.

तोगाशी: करंगळी. मघापासून. दाबतोय मी, जोरात.

वस्ताद: हळू बोल. पलीकडे लोक बसलेत.

तोगाशी: किती बोटं?

वस्ताद: ही तीन. अंगठा आणि हे पहिलं, दोघं शाबूत आहेत. कामसू आहेत बिचारे. तिघांचं काम दोघं करतात.

तोगाशी: म्हणून खोल वाकाचं हँडल.

वस्ताद: म्हणून.

तोगाशी: आणि मी आपला म्हणतोय, म्हातारा हट्टी आहे.

वस्ताद: तेही आहेच.

तोगाशी: दुपारी जेवताना तुम्ही भाताची वाटी रीतीप्रमाणे डाव्या हातात उचलली नाहीत. मी बघितलं. म्हटलं, दमले असतील.

वस्ताद: फुमिए म्हणते, कुत्र्यासारखा ताटलीत तोंड घालून खातोस. तिला वाटतं, म्हातारपणी वळण सुटलं. वाटू दे. वळणाचं बोलते, तोवर बरं आहे.

तोगाशी: काकूंना माहीत नाही?

वस्ताद: तुला माहीत झालं तेवढं पुरे नाही का आजच्या दिवसाला?

तोगाशी: आत्ता फोन असता तर मी...

वस्ताद: फोन पिशवीत, पिशवी कपाटात, कपाटाची किल्ली ऑफिसात. या नियमाला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या. आज पहिल्यांदा आवडला.

तोगाशी: डॉक्टरांना सांगू. इथल्याच. सकाळी तपासलं त्यांनी तुम्हाला.

वस्ताद: तपासलं. रक्तदाब बघितला, जीभ बघितली, म्हणाले, झोप लागते का. लागते म्हटलं. बोटांचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता जाऊन सांगितलं तर ते लिहिणार. लिहिलं की या शर्यती गेल्या. या गेल्या की सहामाही संपली. आणि गुणांच्या यादीच्या तळाला कोण कोण आहेत ते तुला पाठ आहे.

तोगाशी: आहे.

वस्ताद: तळातल्यांचं काय होतं?

तोगाशी: नाव काढतात.

वस्ताद: एकदा काढलं की परत घालत नाहीत. या तीन दिवसांत एकदा, एकदाच, पहिल्या तिघांत आलो की मी नाव काढायच्या त्या रेघेच्या वर. बाकी काही मागत नाही मी.

तोगाशी: आणि पुढं? हात काय आपला आपण जागा होणार आहे?

वस्ताद: पुढचं पुढं.

तोगाशी: वस्ताद, या सायकलला ब्रेक नाही. पेडल थांबत नाही. सहा जण तुमच्याबरोबर, खांद्याला खांदा. आपल्याजवळ सावरायला आहे काय, तर हे हँडल, एवढंच.

वस्ताद: हे तू मला सांगतोयस.

तोगाशी: तुम्हीच मला सांगितलंत. पहिल्या दिवशी. म्हणालात, ओळीत तुझ्या मागच्याला जग दिसत नाही, फक्त तुझं मागचं चाक दिसतं. ते हललं की तो गेला.

वस्ताद: पाठ करायला नव्हतं सांगितलं.

तोगाशी: उद्या तुमच्या मागं ओइकावा आहे. मघाशी तिकडं सांगत होता ना, बायकोचे दिवस भरलेत. त्याला तुमचं चाक दिसणार. मी त्याला काय सांगू?

वस्ताद: काही सांगू नकोस. नीट झोप म्हणावं.

तोगाशी: मी थट्टा करत नाहीये.

वस्ताद: मीही नाही. पोरा, मला दुसरं काय येतं, सांग. परवा फुमिएची सायकल घेऊन भाजीला गेलो. उतारावर पाय थांबवले, तर सायकल आपली चालतेच आहे. पाय थांबले आणि चाक फिरतंय. उतरलोच. बाजारापर्यंत हातात धरून नेली. लोक म्हणाले, पंक्चर का? हो म्हटलं. हस की. मी हसलो होतो.

तोगाशी: नाही येत हसू.

वस्ताद: मग काम कर. सीट परत मागं घे, नख पांढरं व्हायच्या आधी जिथं होती तिथं. तू डोळ्यांनी बघून सांग. आजपासून लबाड डोळेच बरे.

तोगाशी: मागं घेतली. आता टेकलंय फक्त.

वस्ताद: नट आवळ. आता डावी मूठ काढ. रबराची. तिच्याखाली दोरा गुंडाळ आणि एक गाठ ठेव, इथं. या पहिल्या बोटाखाली गाठ लागली की बाकीची तीन जागेवर आहेत असं मी समजायचं.

तोगाशी: समजायचं.

वस्ताद: हो.

तोगाशी: हे सगळं मी करायचं. माझ्या हातानं.

वस्ताद: मी केलं असतं, पण गाठ बांधायला दोन हात लागतात.

तोगाशी: द्या दोरा.

वस्ताद: खिशात आहे, डाव्या. तूच काढ. आणि ऐक. हँडलचा बोल्ट नीट आवळ. ढिला ठेवून मला तपासणीत अडकवायचा बेत असेल तर मी परत आवळीन. वेळ लागेल, पण आवळीन.

तोगाशी: मनात आलं होतं.

वस्ताद: मलाही आलं असतं. बघ, त्या येतायत. मुरोईबाई. चेहरा सरळ कर, मयताला आल्यासारखा बसू नकोस.

मुरोईबाई: पुढची सायकल. कुरामोची-सान. उभी धरा. तुम्ही नको, तोगाशी धरेल. चाक सरळ. चेन ठीक. पेडलचे पट्टे ठीक. आता पुढचं चाक गुडघ्यात धरते आणि हँडल पिळते. हलायला नको.

वस्ताद: पिळा. तुम्ही पिळलं की मलाही मोकळं वाटतं.

मुरोईबाई: हललं नाही. बोल्ट कुणी आवळला?

तोगाशी: मी.

मुरोईबाई: चांगला आवळलाय. सायकल इतकी आखूड का झालीय?

वस्ताद: मीच आखूड झालो, बाई.

मुरोईबाई: नियमात आखूड चालते. डाव्या मुठीखाली काय आहे हे?

वस्ताद: दोरा.

मुरोईबाई: कशाला?

वस्ताद: जुनी सवय.

मुरोईबाई: इतकी वर्षं तुमची सायकल बघतेय, ही सवय नव्हती. असो. दोऱ्याला मनाई नाही. उजव्या मुठीत नाही?

वस्ताद: उजवा हात शहाणा आहे.

तोगाशी: बाई.

मुरोईबाई: बोल.

तोगाशी: वस्तादांचा हात...

वस्ताद: धुवायचा राहिलाय, म्हणतोय. चहाची वेळ झाली ना.

मुरोईबाई: मी त्याला विचारलं. तोगाशी, हात काय? मी सायकल तपासते. माणूस पलीकडच्या खोलीत तपासतात. पण तुला काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. शिक्का मारल्यावर मग मला ऐकता येत नाही.

तोगाशी: ग्रीस लागलंय. हाताला. मुठीवर डाग पडेल, एवढंच.

मुरोईबाई: पुसून घ्या मग. झालं. पुढची सायकल.

वस्ताद: गेल्या का?

तोगाशी: गेल्या.

वस्ताद: बस खाली. पाणी पी.

तोगाशी: माझी जीभच वळली नाही.

वस्ताद: वळायलाच नको होती.

तोगाशी: तुमच्यासाठी नाही म्हणत. ओइकावासाठी म्हणतोय.

वस्ताद: कळलं मला. पाणी पी.

*

— शेवटच्या दिवशी वारा पडला बघ.

— कुरामोची दुसरा? कुठला कुरामोची? म्हातारा?

— ओळीत पुढच्या पोरानं ओढत नेलं त्याला. पण चिकटून राहिला हं. सोडलं नाही पोराचं चाक.

— शेवटच्या वळणावर डावी बोटं कशी मोकळी सोडली होती, बघितलंत? या वयात हा रुबाब.

— ओइकावा तिसरा आला. आता फोन कधी मिळतो म्हणून कपाटापाशी उभा आहे.

*

वस्ताद: हे घे. थंड आहे. ओइकावानं दोन बाटल्या दिल्या, म्हणाला, तुमच्या मागं होतो म्हणून आलो.

तोगाशी: तुम्हीच प्या.

वस्ताद: झाकण उघडून दे मग.

तोगाशी: घ्या.

वस्ताद: अभिनंदन करायचं असतं वस्तादाचं.

तोगाशी: अभिनंदन.

वस्ताद: रेघेच्या वर आलो. ऑफिसात विचारून आलो. सहा महिने मिळाले, पोरा.

तोगाशी: मी शेडमधल्या टीव्हीवर बघत होतो.

वस्ताद: कसा दिसलो?

तोगाशी: गाठ लागत होती बोटाला?

वस्ताद: पूर्ण वेळ. एकदाही सुटली नाही. दोऱ्याची युक्ती मी लोकांना शिकवीन म्हणतो.

तोगाशी: शेवटच्या वळणावर तुमची तीन बोटं उघडी होती.

वस्ताद: कुठली उघडी? मूठ घट्ट होती माझी.

तोगाशी: हवेत होती, वस्ताद. सरळ, टोकं समोर. हात नुसता वाकाला अडकला होता, खुंटीवर सदरा अडकवावा तसा. आतून कुणाचा खांदा लागता तर निघालाच असता.

वस्ताद: मी आवळून धरलं होतं. मला आठवतंय ना. दात दुखेपर्यंत आवळलं होतं.

तोगाशी: दात आवळले असतील.

वस्ताद: बाकी कुणाला दिसलं?

तोगाशी: सगळ्यांना दिसलं. म्हणाले, काय रुबाब आहे. मुरोईबाईपण हसल्या. म्हणाल्या, कुरामोची-सान मजेत आहेत आज.

वस्ताद: बरं झालं.

तोगाशी: काय बरं झालं त्यात?

वस्ताद: हसल्या ते. चल, आवर. सायकल पिशवीत घालायची, गाडी चुकेल. चाकं मी काढतो. हँडल तू काढ. मान तशीच राहू दे. दोराही राहू दे. पुढच्या खेपेला परत जुळवत बसायला नको.

तोगाशी: मी पुढच्या खेपेला लावणार नाही.

वस्ताद: कोण लावणार मग?

तोगाशी: कुणी नाही. उद्या सकाळी आपण इस्पितळात जायचं. मी गाडी घेऊन येतो. काकूंना मी सांगतो.

वस्ताद: जाईन की इस्पितळात.

तोगाशी: कधी?

वस्ताद: सहामाही संपली की.

तोगाशी: संपली. आत्ताच संपली.

वस्ताद: ही नाही. पुढची.

तोगाशी: वस्ताद, मी तुमच्या पाया पडतो.

वस्ताद: पडू नकोस. जमीन ओली आहे. अरे, मला कळत नाही असं वाटतं का तुला? ओइकावा पेय घेऊन आला, वाकून उभा राहिला समोर, मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मुलगी झालीय त्याला. मघाशी फोन मिळाल्यावर कळलं.

तोगाशी: मग?

वस्ताद: मग काय. पुढच्या महिन्याच्या शर्यतींचं बोलावणं आलंय. हो म्हणून सही करून आलो.

तोगाशी: कधी केलीत सही?

वस्ताद: तू टीव्ही बघत होतास तेव्हा.

तोगाशी: मी आत्ता जाऊन मुरोईबाईंना सांगतो.

वस्ताद: जा. मी रागावणार नाही. खरंच नाही रागावणार. जा.

तोगाशी: पाय उचलत नाहीत.

वस्ताद: माझी बोटं, तुझे पाय. छान जोडी आहे वस्ताद-चेल्याची. सोड ते हँडल, मी बघतो. एका हातानं जमतं हळूहळू.

तोगाशी: नाही जमत. निसटतोय पाना तुमचा. सरका.

वस्ताद: घे बाबा. उलटा फिरव, उलटा. हं.

तोगाशी: माहितेय मला.

वस्ताद: हाड मोडल्यापासून बोटांना मुंग्या यायच्या. फेब्रुवारीत यायच्या थांबल्या. मला वाटलं, बरा झालो.